एका टाकींत छोटी गाडी किती दूर जाते?

गेल्या कांहीं वर्षांत मंगरूळपीर तालुक्यांतील खेड्यापाड्यांत लहान मोटारगाड्यांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी वाढली आहे. संत्र्याचा बगीचा चांगला उतरला, सोयाबीनास भाव मिळाला किंवा मुलगा नोकरीस लागला, म्हणजे दारांत नवी अथवा जुनी वापरलेली छोटी गाडी येऊन उभी राहते. गाडी आली कीं पहिला प्रश्न किंमतीचा व दुसरा ॲव्हरेजचा. "लिटरला किती देते?" असें जो तो विचारतो, आणि गाडीवालाही चोवीस, पंचवीस असा आकडा छातीठोकपणें सांगतो. तो त्यानें स्वतः मोजलेला असतो असा अनुभव मला क्वचितच आला. मग त्या आकड्यास टाकीच्या लिटरांनीं गुणून "एकदां टाकी भरली कीं थेट मुंबई" असें विधान होतें. अशाच एका न तपासलेल्या आकड्यापायीं आमच्या घरच्या माणसांस काय सोसावें लागलें तें पुढें सांगणार आहें. त्यानंतर मीं जो हिशेब मांडला तो या मासिकाच्या शेतकरी वाचकांपुढें ठेवणें हा या लेखाचा हेतु आहे.

मी महसूल खात्यांत कारकून होतों व गेल्या वर्षीं निवृत्त झालों. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. इंजिनाचें शास्त्र मी शिकलेला नाहीं. परंतु सातबारा, पैसेवारी आणि वसुलीचे तक्ते यांत आयुष्य गेल्यामुळें आकडा कोठून आला व त्यावर किती भरंवसा ठेवावा, एवढें पाहण्याची संवय जडली आहे. त्रैराशिकापलीकडचें गणित या लेखांत नाहीं.

लिटरास चोवीस, पंचवीस हे आकडे खोटे नसतात. ते कसे मोजतात हें मात्र ठाऊक असावें लागतें. नव्या प्रकारची गाडी विक्रीस येण्यापूर्वीं तिची चाचणी मान्य संस्थेंत होते. अशा संस्थांपैकीं पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ सालीं स्थापन झाली, व तिच्याच नांवावरून लोक या आकड्यास 'एआरएआयचा आकडा' म्हणतात. ही चाचणी रस्त्यावर होत नाहीं. बंद खोलींत गाडीचीं चालतीं चाकें फिरत्या रुळांवर ठेवतात. चाकें फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागच्या जागीं राहते. वाऱ्याची भरपाई म्हणून रुळांस हिशेबानें ओढ लावलेली असते. मग ठरलेल्या कोष्टकाप्रमाणें वेग वाढवावयाचा, कमी करावयाचा, थांबावयाचें, पुनः निघावयाचें. हें सुमारें २० मिनिटें चालतें व तेवढ्यांत साडेदहा किलोमीटरांच्या आसपास अंतर पडतें. वेग थोडा वेळ ताशीं ९० किलोमीटरांस पोंचतो, त्याच्यावर जात नाहीं; सरासरी काढल्यास तो ३२ च्या आसपास येतो. निघालेला धूर पिशव्यांत गोळा करून त्यांतील कर्बावरून किती पेट्रोल जळलें तें काढतात. आजवर प्रसिद्ध झालेले आकडे एसी बंद ठेवून काढलेले आहेत. पाठीमागें तीन माणसें व टपावर पोतीं तर नसतातच.

शेतकऱ्यास हा प्रकार नवा नाहीं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एखाद्या वाणाचा जो उतारा येतो, तोच आपल्या बरड जमिनींत येईल असें कोणी शहाणा शेतकरी धरून चालत नाहीं. प्रक्षेत्रावरचा उतारा खरा असतो व दोन वाणांची तुलना करण्यास तो फार उपयोगी पडतो. आपल्या घरीं पोतीं किती येतील हें मात्र आपली जमीन आणि आपला पाऊस ठरवितो. गाडीच्या आकड्याचाही उपयोग तेवढाच.

आतां टाकीकडे वळूं. मारुति कंपनीच्या २०२२ सालच्या आल्टो के-१० गाडीची टाकी २७ लिटरांची, व हातानें गेअर बदलावयाच्या प्रकाराचा जाहीर आकडा २४.३९, गुणाकार सुमारें ६५८ किलोमीटर. त्याच सालच्या एक लिटर इंजिनाच्या वॅगन-आरची टाकी ३२ लिटरांची, आकडा २४.३५, गुणाकार ७७९. लिटरास दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच, पण कागदावरील पल्ल्यांत सुमारें १२० किलोमीटरांचें अंतर, आणि तें केवळ टाकीमुळें. याहून ठळक उदाहरण टाटांच्या नॅनोचें. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती लोकांनीं प्रथम पाहिली व २००९ सालीं ती विक्रीस आली. लिटरास २३.६ हा तिचा आकडा त्या वेळीं फार वाखाणला गेला. परंतु टाकी अवघी १५ लिटरांची, तेव्हां पल्ला कागदावरच ३५४. पेट्रोल भरण्यास पुढचें झांकण उघडावें लागे, तो त्रास निराळा. पुढें २०१५ सालीं टाकी २४ लिटरांची करण्यांत आली. ती गाडी आतां निघत नाहीं, पण जुन्या नॅनो आमच्याकडे अजून धांवतात, व त्यांचे मालक पंपावर वारंवार दिसतात त्याचें कारण हें आहे.

टाकीचा लिटरांचा आकडाही तंतोतंत धरूं नये. मानेपर्यंत भरल्यास जाहीर आकड्याहून अधिक पेट्रोल टाकींत बसतें. त्यावरून पंपावर हुज्जत घालणारे मीं पाहिले आहेत. दर वेळीं पंपवालाच लबाड असतो असें नाहीं. मापाची शंका आल्यास प्रत्येक पंपावर ५ लिटरांचें शिक्क्याचें माप ठेवलेलें असतें, तें मागून खात्री करून घ्यावी. तो ग्राहकाचा हक्क आहे व तो मागण्यांत संकोच कसला? टाकी मात्र मानेपर्यंत भरूं नये. पेट्रोल उन्हानें फुगतें व वाफेस जागा लागते. टाकीचा तळ गांठणेंही वाईट. हल्लींच्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा विजेचा पंप टाकीच्या आंतच असतो आणि त्यास थंडावा पेट्रोलाचाच मिळतो. टाकी वारंवार कोरडी केल्यास तो लवकर बिघडतो. बहुतेक छोट्या गाड्यांत चार-पांच लिटर उरले म्हणजे दिवा लागतो. हे लिटर हिशेबांत धरूंच नयेत. बियाण्याचें पोतें जसें आपण खाण्याच्या धान्यांत मोजीत नाहीं, तसें हें.

आतां घरची हकीकत.

आमच्या तालुक्यांत शेलुबाजाराजवळ समृद्धि महामार्गावर चढतां येतें. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा जोडला जाऊन ७०१ किलोमीटरांचा सबंध रस्ता पुरा झाला. आम्हां मंगरूळकरांस नागपूर त्यामुळें अडीच-तीन तासांवर आलें. पूर्वीं आजारी माणसास नेतांना अर्धा दिवस मोडत असे.

माझ्या वहिनींस हृदयाचा विकार होता. २०२३ च्या डिसेंबरांत नागपूरच्या एका इस्पितळांत शस्त्रक्रियेची तारीख ठरली. सकाळीं आठास उपाशी पोटीं हजर राहावयाचें होतें. पहाटे चारास आम्ही निघालों. गाडी पुतण्याची, गाडींत आम्ही पांच जण व मागें सामान. आदल्या आठवड्यांत पुतण्या एकटाच वाशिमास दोन-तीन खेपा करून आला होता, साठ-सत्तरच्या सावकाश वेगानें. समोरच्या पडद्यावर 'आणखी किती किलोमीटर' असा जो आकडा उमटतो तो त्या पहाटे २६० होता. दारापासून नागपूर आमच्या हिशेबानें सव्वादोनशेंच्या आंत. मीं विचारलें, "पेट्रोल भरून घ्यायचें का रे?" तो म्हणाला, "काका, दोनशे साठ दाखवून राह्यली नं गाडी! नागपुरातच भरू." दादांनीं मान डोलविली. आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासणाऱ्या मीं तो एक आकडा तपासला नाहीं.

महामार्गावर चढल्यावर वेग एकशें दहा-पंधरा झाला. थंडी म्हणून कांचा बंद, व कांचांवर वाफ धरते म्हणून एसी चालू. मी पुढें बसलों होतों. कारंजा मागें पडल्यावर माझ्या लक्षांत आलें कीं, गाडी दहा किलोमीटर जावी तों पडद्यावरील आकडा पंधरा-सोळानें उतरतो आहे. मीं तें बोलून दाखविलें, तेव्हां पुतण्या म्हणाला, पुढें स्थिर होईल. तो स्थिर झाला नाहीं. वर्धा जिल्ह्याच्या हद्दींत, घरापासून सुमारें १६५ किलोमीटरांवर, गाडीनें दोन गचके दिले व ती थांबली. सहा वाजण्यास आले होते. दोन्ही बाजूंस कठडा, आसपास वस्ती नाहीं, आणि मागून मालमोटारी अशा सोसाट्यानें जात कीं उभी गाडी हलत असे. वहिनींस गाडींत बसवून ठेवणें धोक्याचें वाटलें, म्हणून त्यांना शालींत गुंडाळून कठड्यापलीकडे नेलें व तेथेंच गवतावर बसविलें. त्या एक शब्द बोलल्या नाहींत. गस्तीच्या गाडीनें आम्हांस पाहिलें, निरोप धाडला. पेट्रोल येईपर्यंत दीड तासाहून अधिक वेळ गेला. इस्पितळांत पोंचलों तेव्हां नऊ वाजून गेले होते व त्या दिवसाची आमची पाळी दुसऱ्या रोग्यास दिली गेली होती. यांत इस्पितळाचा कांहीं दोष नाहीं. पुढची तारीख अकरा दिवसांनीं मिळाली. ते अकरा दिवस दादा रात्रीं झोंपले नाहींत. वहिनींचा श्वास ऐकत उशाशीं बसून राहत. पुढें शस्त्रक्रिया नीट झाली आणि वहिनी आज हिंडत्याफिरत्या आहेत, म्हणूनच ही गोष्ट मला लिहितां येते.

पडद्यानें आम्हांस फसविलें काय? नाहीं. तो आकडा पुढच्या वाटेचा नसतोच. मागच्या चालीचा असतो. गाडीनें हल्लीं लिटरास किती दिले तें पाहून यंत्र त्यास उरलेल्या पेट्रोलानें गुणतें. वाशिमाच्या खेपांत गाडीनें लिटरास बावीस दिले होते, म्हणून उरलेल्या बाराएक लिटरांचे दोनशें साठ झाले. महामार्गावर तीच गाडी चौदावर आली. महसूल खात्यांत खरिपाची पैसेवारी तीनदां निघते: आधीं नजरअंदाज, मग सुधारित, शेवटीं अंतिम. पडद्यावरील आकडा हा नजरअंदाज आहे, आणि आम्ही त्यावर वसुली करावयास निघालों होतों!

बावीसाचे चौदा कां झाले, याचें मुख्य उत्तर वारा. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ९ युनिट विजेइतकी शक्ति असते. तिचा एक चतुर्थांशाच्या आसपास भाग चाकांपर्यंत पोंचतो; बाकीची उष्णता होऊन रेडिएटरांतून व धुरांतून निघून जाते. चाकांस मिळालेल्या शक्तीचे दोन मोठे वांटेकरी आहेत. एक टायरांची ओढ. ती गाडीच्या वजनावर अवलंबून असते व वेग वाढला तरी फारशी बदलत नाहीं. दुसरा हवेचा विरोध, आणि तो वेगाच्या वर्गानें वाढतो. ताशीं ८० वर जो विरोध असतो तो १०० वर दीडपटीहून अधिक व १२० वर सव्वादोनपट होतो. पाण्यांत हात हळू फिरवून पाहावा, मग जोरानें फिरवून पाहावा. हवेचेंही तेंच, ती दिसत नाहीं एवढेंच. छोट्या गाडीचें इंजिन लहान, म्हणून एकशेंदहाच्या पुढें तें अगदीं ताणलें जातें. त्यांत पांच माणसांचें वजन व एसी. समृद्धि महामार्गावर सपाट भागांत मोटारीस १२० ची मर्यादा आहे. मर्यादा म्हणजे आज्ञा नव्हे, ही गोष्ट तरुण मंडळी विसरतात. दोनशें किलोमीटरांस ८० च्या वेगानें अडीच तास लागतात व ११५ च्या वेगानें पावणेदोन. तो पाऊण तास वांचविण्यासाठीं आम्ही दीड तास रस्त्यावर बसलों.

नागपुराहून आल्यावर मीं एक कोरी वही घेतली व पुतण्याच्या गाडींत ठेवली. रीत सोपी आहे. पंपावर नळी आपोआप पहिल्यांदा बंद होईपर्यंतच टाकी भरावी व किलोमीटरांचा लहान आंकडा शून्यावर आणावा. पुढच्या खेपेस शक्य तों त्याच पंपावर, तशीच पहिल्या खटक्यापर्यंत भरावी. जितके लिटर या खेपेस बसले तितके मधल्या प्रवासांत जळले. किलोमीटरांस लिटरांनीं भागावें. एका भरणीवर विश्वास ठेवूं नये, तीन घ्याव्या. आणि प्रत्येकीपुढें वाट कोणती, माणसें किती, वेग काय, एसी होता कीं नव्हता, हें लिहावें. ही नोंद नसेल तर नुसता भागाकार व्यर्थ. दोनशें मिली पेट्रोल भरून केलेली परीक्षाही तशीच व्यर्थ.

वहीचा निकाल असा आला. एक-दोन माणसें, साठ-सत्तरचा वेग, एसी बंद: लिटरास २२. समृद्धि महामार्गावर ८० च्या वेगानें, चार माणसें: २०. बाजार, शेताची कच्ची वाट, थांबत-निघत: एका भरणींत ४४३ किलोमीटरांस २४.६ लिटर, म्हणजे १८. महामार्गावर एकशेंदहाच्या वर, गाडी भरलेली, एसी चालू: ३०१ किलोमीटरांस २१.५ लिटर, म्हणजे १४. या गाडीचा कारखान्याचा आकडा २४ व टाकी ३२ लिटरांची. कारखान्याचा आकडा म्हणजे रुपया धरून मीं पैसेवारी काढली: अनुक्रमें ९२, ८३, ७५ व ५८ पैसे. पन्नास पैशांखालीं गांव गेलें म्हणजे सरकार जमीन महसुलांत सवलत देतें. पेट्रोलाच्या टाकीस अशी सवलत देणारें कोणी नाहीं.

आतां ७०१ किलोमीटरांचा महामार्ग या आकड्यांवर घालून पाहूं. ३२ गुणिले २४ म्हणजे ७६८. कागदावर नागपुरांत भरलेली टाकी आमणे गांठून ६७ किलोमीटर उरवते. प्रत्यक्षांत १४ च्या दरानें गाडी ४४८ किलोमीटरांवर, म्हणजे शिर्डीच्या बरीच अलीकडे, कोरडी पडेल. ८० च्या वेगानें, २० च्या दरानें, ती ६४० जाईल. इगतपुरी ६२५ वर आहे. तिच्यापुढें पंधरा किलोमीटरांवर, डोंगराच्या भागांत, पेट्रोल संपेल. आणि हे सारे हिशेब टाकीचा शेवटचा थेंब धरून. पांच लिटर बाजूस ठेवल्यास उरतात २७. मग भरवशाचा पल्ला अनुक्रमें ३७८ व ५४० किलोमीटर. रोजच्या बाजारहाटास १८ च्या दरानें ४८६. कारखान्याच्या ७६८ शीं ताडून पाहावें.

कांहीं किरकोळ कारणें आहेत, तीं थोडक्यांत सांगतों. टायरांत हवा कमी असल्यास ओढ वाढते. कच्च्या वाटेस बरें म्हणून हवा उतरविणारे लोक ती पुनः भरीत नाहींत. टपावर पोतीं किंवा रिकामी जाळी असली तरी वारा अडतो. उभ्या गाडीचें इंजिन तासास अर्धा लिटर किंवा अधिक खातें, मग सावलींत बसून एसी लावणाऱ्यास तें ठाऊक असो वा नसो. आणि पेट्रोलही पूर्वींचें राहिलेलें नाहीं. २०२५ पासून देशांत त्यांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. इथेनॉलांत लिटरामागें शक्ति पेट्रोलाहून सुमारें एक तृतीयांशानें कमी; म्हणून मिश्रणांत शुद्ध पेट्रोलाच्या मानानें सहा-सात टक्क्यांची तूट पडते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांतही जुन्या धर्तीच्या चारचाकी गाड्यांस ६ ते ७ टक्के घट सांगितली आहे. हें इथेनॉल ऊंस, मका व तांदूळ यांपासून होतें, तेव्हां शेतकऱ्यानें त्याविरुद्ध ओरड करण्यापूर्वीं दोन्ही बाजू पाहाव्या; परंतु जुनी गाडी असल्यास ही तूट वहींत धरावीच.

वाटेंत इंधन संपण्याची भीति मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ सालच्या ऑगस्टांत जर्मनीमध्यें बर्था बेंझ या बाईंनीं नवऱ्यानें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभरावर किलोमीटरांचा प्रवास केला. मोटारीचा पहिला लांब प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. पेट्रोल पंप तेव्हां कोठून असणार? वाटेंत वीस्लोख गांवीं एका औषधांच्या दुकानांतून त्यांनीं इंधन म्हणून लिग्रॉईन नांवाचें द्रव्य विकत घेतलें. इंधन कोठें मिळेल याची चौकशी त्या बाईंनीं वाटेवर का होईना, संपण्यापूर्वीं केली.

इतकें करूनही गाडी मोठ्या रस्त्यावर थांबलीच, तर ती अगदीं डाव्या कडेस घ्यावी, चारही दिवे उघडझांप करणारे लावावे, आणि माणसें कठड्यापलीकडे न्यावीं. गाडीच्या मागें कोणी उभें राहूं नये. प्लॅस्टिकच्या डब्यांत पेट्रोल भरून गाडींत ठेवण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. बंद गाडींत त्याची वाफ सांचते. ती युक्ति करूं नये.

वहिनींस दर तीन महिन्यांनीं नागपुरास दाखवावें लागतें. आदल्या संध्याकाळींच पुतण्या मंगरूळच्या पंपावर पहिल्या खटक्यापर्यंत टाकी भरून आणतो व वहींत लिहितो. वेग नव्वदाच्या वर जात नाहीं. मागच्या खेपेस जाऊन-येऊन ४५२ किलोमीटर झाले व परत आल्यावर २३.८ लिटर बसले. लिटरास १९ पडले. दादा आतां गाडींत बसण्यापूर्वीं चष्मा लावून ती वही स्वतः वाचतात. वहिनी म्हणतात, "वाचून झालं असंल तं चला आता."